रुख्माचा बंपर

रुख्माला गाडी लागते. दरेकसात हे फारसं कुणाला माहीत नाही, कारण तिचं अर्धं आयुष्य गाडीवर गेलं. गाडीत नाही, गाडीवर.

तिचा नवरा यादोराव दरेकसा ते सालेकसा जीप चालवायचा. जीप फार जुनी, लष्कराच्या लिलावातून आलेली. लग्नानंतर त्यानं तिला पहिल्यांदा जीपमध्ये नेलं, तेव्हा दुसऱ्याच वळणावर तिला ओकारी झाली. पुढच्या सीटवर झाली, मागच्या सीटवरही झाली. परतताना ती रागानं मागच्या बंपरवर उभी राहिली. तोंडावर वारा आला. घर येईपर्यंत काहीच झालं नाही.

मग यादोरावनं सालेकसाच्या भोजराज डेंटरकडून मागचे दोन्ही छोटे बंपर काढून घेतले. त्या जागी लोखंडी पाइप आणि जाड पत्र्याची रुंद पायरी जोडून घेतली. लोकांना वाटलं, सवारी वाढवायला केलं. सवारीही वाढली. रुख्मा पायरीवर उभी राहून भाडं घेऊ लागली, म्हाताऱ्यांना हात देऊन वर ओढू लागली, कुणी कुठं बसायचं ते ठरवू लागली.

“ए मामा, पाय आत घे. नाई त एकच घेऊन घरी जाशील.”

“अन् तू वं? तू त अख्खीच बाहेर हायेस.”

“मी गाडीचीच आहो.”

पुढं घरोघरी मोटारसायकली आल्या. सवारी गेली. जीप चिंचेखाली उभी राहू लागली. भंगारवाला दोनदा येऊन तिच्याभोवती फिरून गेला.

यंदा गोंदियाच्या ओमेश बिसेननं धबधब्याच्या रस्त्यावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. स्टेशनवरून पाहुणे आणायला त्याला हीच जीप हवी होती, यादोरावसकट. अट एकच. जीप कंपनीतून निघाली तशी दिसली पाहिजे. पुढचा पाइपचा गार्ड काढायचा, मागची पायरी कापायची, जुन्यासारखे छोटे बंपर लावायचे. नाहीतर तो दुसरी जीप बघणार होता.

यादोरावनं होकार दिला आणि दिवस ढकलायला सुरुवात केली. आधी भोजराजकडचा वेल्डिंगचा गॅस संपला. मग भोजराज लग्नाला गेला. मग भोजराजचा हात भाजला. बाजारात भोजराज स्वतःच रुख्माला भेटला. दोन्ही हात धड होते.

“कायले खोटं बोलून राहिले जी?” घरी येऊन तिनं विचारलं.

“पायरी कापली त तू कुठं उभी राहशील?”

“अन् गाडी भंगारात गेली त कुठं उभी राहीन?”

ती जाऊन पायरीवर उभी राहिली.

“चला सालेकसाले.”

निघताना फोन केला होता, म्हणून ओमेशही तिथं आला. भोजराजनं पुढचा गार्ड काढला. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मग तो मागं आला आणि बसून राहिला.

“यादोभाऊ, थोडी ठेवू का? एका माणसाच्या पायापुरती. रंग मारून देतो, दिसनार नाई.”

“नही भैया,” ओमेश म्हणाला. “ओरिजिनल मतलब ओरिजिनल.”

यादोराव दुसरीकडं पाहत होता.

“काप गा भोजराज,” रुख्मा म्हणाली. “तुयीच जोडनी हाये. तुले कापाले काऊन जड जाते?”

ठिणग्या उडाल्या. पायरी खाली पडली. भोजराजनं दोन्ही कोपऱ्यांना छोटे बंपर बसवले. मध्ये काही नव्हतं.

“अब दिखी जीप!” ओमेशनं फोटो काढला.

“आतापर्यंत काय म्हैस दिसत होती?” रुख्मानं विचारलं. भोजराज एकटाच हसला.

परतताना ती पुढं बसली. तोंडाला पदर लावला. गाव सुटलं, चढ लागला, डिझेलचा वास आत आला. तिनं गाडी थांबवायला लावली, रस्त्याच्या कडेला जाऊन ओकली, तोंड धुतलं. परत बसली नाही.

“तुमी व्हा समोर. मी चालत येतो.”

“बस ना वं. हळू घेतो.”

“आता का विमान चालवत होते?”

ती चालू लागली. तो पहिल्या गिअरमध्ये मागून येऊ लागला. एक ट्रक हॉर्न वाजवत पुढं गेला. ड्रायव्हर वाकून दोघांकडं पाहत राहिला. बऱ्याच वेळानं बॉनेटमधून वाफ यायला लागली. रुख्मानं वळून हातानंच ‘जा’ म्हटलं. यादोराव तिच्या बाजूनं पुढं गेला. ती अंधार पडता पडता घरी पोचली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आणायला तो एकटाच स्टेशनवर गेला. रुख्मा गिरजाबाईच्या बांधीत, चिखलात धानाच्या रोवण्याला गेली.

“आज जमिनीवर कशी वं?” एकीनं चिडवलं.

“उतरली,” रुख्मा म्हणाली, आणि धानाच्या रोपांची पेंढी सोडली.