खंडेनवमीला पुजलेली डिस्क

गंगापूर रोडवरच्या आमच्या कॅन्सर सेंटरचे कॉम्प्युटर प्रफुल्ल पगारे सांभाळतो. राहतो देवळाली कॅम्पला. रोज संध्याकाळी सगळ्या पेशंटच्या माहितीची एक प्रत डिस्कवर घ्यायची आणि ती डब्याच्या पिशवीत घालून घरी न्यायची, हा त्याचा नेम. मी रिसेप्शनला. जाता जाता त्याला चिडवायचीच, "दादा, आज डब्यात भाजी कसली?"

"हस तू हर्षाली," तो म्हणायचा, "पण इथं आग लागली तर इथली प्रत इथंच जळेल. एक लांब पाहिजेच."

खंडेनवमीला आमच्या उज्ज्वलामॅडमचा उत्साह नुसता उतू जातो. डॉक्टर त्याच, सेंटरही त्यांचंच. दुपारी पेशंट संपले की "आज अवजारांना विश्रांती!" या वर्षी म्हणाल्या, सर्व्हरही बंद करा, आणि ती डिस्क आणा पूजेला, तीही आपलं शस्त्रच की. प्रफुल्ल पिशवीतून डिस्क काढून घेऊन आला. "मॅडम, सर्व्हर जुना आहे, कधी बंदच केलेला नाही," एवढं पुटपुटला आणि मुकाट्यानं बटण दाबलं. डिस्क पाटावर गेली. हळद, ओलं कुंकू, अक्षता, वर झेंडू. दसऱ्याची सुट्टी संपेपर्यंत मांडलेली पूजा हलवायची नाही.

सुट्टीनंतर सर्व्हर सुरूच होईना. आतून नुसती टकटक, आणि स्क्रीन काळी ठिक्कर. जुनं यंत्र, इतकी वर्षं फिरत होतं म्हणून फिरत होतं.

बाहेर बाकावर दिंडोरीकडच्या चंद्रभागाबाई नंबराची वाट बघत होत्या. घशाचा कॅन्सर, शेक चालू. रेडिएशनला आमचे पेशंट शेकच म्हणतात. शेक नेमका कुठं आणि किती द्यायचा, ते सगळं त्या सर्व्हरवर. ते नसेल तर मशीन चालवताच येत नाही. सगळी आखणी नव्यानं करायची तर आठवडा जाणार. आणि सणामुळं आधीच खंड पडलेला, आता एक दिवसही चुकवायचा नाही, असं मॅडमनीच त्यांना बजावलं होतं.

"पोरी, आज व्हईल ना गं? लय दिस झाले," बाई कशाबशा बोलल्या.

"होईल हो आजी, बसा," मी म्हटलं खरं, आणि तशीच आत प्रफुल्लकडं पळाले.

आता सगळी मदार डिस्कवर. प्रफुल्लनं ती पाटावरून उचलली आणि उलटी केली. वायर लावायच्या खाचेत कुंकू वाळून बसलेलं, त्यात अक्षतेचा दाणा घट्ट रुतलेला. अगं आई गं! मॅडमवर चांगलं खेकसावं असं मनात आलं. त्यानं सुईनं दाणा काढला, ब्रशनं आणि स्पिरिटनं खाच साफ केली. वायर लावली. काहीच नाही. पुन्हा पुसली, फुंकर मारली, पुन्हा लावली. मॅडम मागं उभ्या राहून रुमाल पिळत होत्या.

आणि दिवा लागला! दुसऱ्या कॉम्प्युटरवर माहिती उतरायला लागली. मध्येच अडकली, तेव्हा आम्ही कुणी एकमेकांकडं बघेना. मग एकदाची सरकली. नावांमध्ये चंद्रभागाबाईंचं नाव दिसलं, त्यांची आखणी जशीच्या तशी. मॅडमनी स्वतः दोनदा तपासली. जेवायच्या वेळेला बाईंना आत घेतलं.

जीव भांड्यात पडला तशा मॅडम उसळल्या. "प्रफुल्ल, तुम्हाला कळत होतं ना सगळं? मग सरळ नाही म्हणायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का?"

त्यानं ब्रश खाली ठेवला. "मॅडम, हर्षालीनं नाही म्हटलं असतं, तर तुम्ही विचारलं असतं, का गं? मला कुणी विचारलंच नसतं. बौद्ध आहे ना, म्हणून पूजेला नको म्हणतोय, असं सगळे समजून गेले असते."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "असं समजलो असतो का गं आपण?"

सकाळपासून त्यांना फडाफडा बोलायला मी टपलेली होते. पण आता 'हो' म्हटलं असतं, तर त्यात मीही आले असते. मी पाटावरचा झेंडू वेचायला लागले.