डिस्कवाल्या मावशीचा हिशेब

जिन्याखालच्या त्या दुकानाला पाटी आहे, पण ती कोणी वाचत नाही. सगळ्यांच्या तोंडी नाव एकच, डिस्कवाली मावशी. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. भिंतभर व्हिडिओ गेमच्या डब्या, नव्या वर, जुन्या खाली. काउंटरमागे साठीला टेकलेली मावशी, चष्मा कपाळावर, हातात मऊ फडकं. कोणी जुनी डिस्क विकायला आणली, की ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरून अशी काही बघते, की आणणाऱ्याला उगाचच चोरट्यासारखं व्हावं.

मावशीची एक रीत आहे. नवी डिस्क शंभराला नेलीत आणि खेळून परत आणलीत, तर ती पन्नास देणार आणि साठाला दुसऱ्याला विकणार. मात्र परत करताना डबीत एक चिठ्ठी टाकायची, पुढच्यासाठी. ‘तळघरात जाऊ नका, तिथे काही मिळत नाही.’ ‘पूल तुटायच्या आत धावा.’ चिठ्ठी नसेल तर पंचेचाळीसच मिळतात. लोकांनी आधी नाकं मुरडली, मग सवय झाली. काही जण तर गेमपेक्षा चिठ्ठ्या आवडीने वाचतात.

दुसरी खोड म्हणजे खरं बोलायची. नेटवरचा नवा गेम डिस्कच्याच भावाने विकतात यावर तिचा फार राग. डबी नाही, छपाई नाही, टेम्पोभाडं नाही, तरी शंभर म्हणजे शंभर, आणि वर तो कुणाला विकायची किंवा द्यायची सोय नाही! पण वर्षभराने तिथे सेल लागून तोच गेम तिसावर आला, तर तेही ती गिऱ्हाइकाला सांगून मोकळी होते. धाकटी बहीण म्हणते, स्वतःच्या पायावर किती धोंडे मारून घेशील? मावशी म्हणते, पाय माझा आहे ना, मग झालं तर.

आता त्या दोन भावांचं. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो, थोरला चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून जुंपली आणि आई गेल्यावर नऊ वर्षं दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. पण गेमचं वेड लहानपणापासून दोघांचं एकच. लिफ्टवाला महिन्याला एक डिस्क खेळून मावशीकडे परत करायचा. शनिवारी सहाला चष्मेवाला यायचा, खालच्या फळीवर उगाच बोटं फिरवायचा आणि विचारायचा, “काही आलंय का?” ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. मावशी मुकाट्याने धाकट्याची डबी पुढे करायची. थोरला आधी चिठ्ठी काढायचा, अक्षर बघायचा आणि मगच साठ द्यायचा. खेळून परत करताना त्याचीही चिठ्ठी असायची, आणि ती डबी धाकटा नुसती उघडून वाचायचा, विकत घ्यायचा नाही. मावशीने दोघांना कधी अवाक्षराने विचारलं नाही. नात्याची एवढीशी फट उघडी होती, त्यात बोट घालायला तिला भीती वाटायची.

तर एकदा लिफ्टवाल्याचं गेम खेळायचं मशीन बिघडलं. नवीन कोणतं घेऊ, त्याने विचारलं. मावशीने बिलाच्या पाठीवर आकडेमोड केली. डिस्क शंभराची, पन्नास परत, म्हणजे गेमला खर्च पन्नास. नेटवर सेल लागेपर्यंत थांबून घेतला तर तीस. शिवाय डिस्कची खाच नसलेलं मशीन स्वस्त. गिऱ्हाईक हातचं जात होतं, तरी तिने तेच घे म्हणून सांगितलं. खरेपणाचा मोठा तोरा होता तिला. त्या दिवशी तर तो जरा जास्तच होता.

पुढचे सात शनिवार चष्मेवाला आला आणि रिकाम्या हाताने गेला. मावशी म्हणायची, नाही बाबा, काही नाही आलं. आठव्या शनिवारी तो पायरीवरून वळला, परत आला आणि काउंटरकडे बघत म्हणाला, “मावशी, तो बरा आहे ना?”

बरा आहे, एवढंच मावशीने कसंबसं सांगितलं. ज्या गोष्टीवर तिची इतकी वर्षं नजर होती, तीच नेमकी आपल्या हिशेबातून सुटावी! रात्रभर तिला स्वतःचा राग येत राहिला.

सोमवारी तिने भरदुपारी शटर ओढलं आणि लिफ्टवाला काम करत होता ती इमारत गाठली. लिफ्ट अर्थातच बंद. सहा मजले गुडघ्यांना शिव्या देत ती चढली. वरच्या खोलीत तो मोटारीपाशी उकिडवा बसला होता, हात ग्रीसने काळे. मावशीला बघून तो घाबरलाच.

“मी तुला सांगितलेला हिशेब चुकला,” मावशी धापा टाकत म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं.

“चुकला कसा? स्वस्तच पडतंय की.”

“तुला पडतंय. तुझा भाऊ आठ शनिवार रिकामा परत गेला. परवा विचारत होता, तू बरा आहेस ना म्हणून.”

तो पाना पुसत राहिला. पाना केव्हाच स्वच्छ झाला होता. मग हळूच म्हणाला की घेतलेले गेम तर नेटवरच आहेत, ते कुणाला देता येत नाहीत, आणि त्याच्या मशीनमध्ये आता डिस्क जातही नाही. मावशी म्हणाली, तुझ्यात जात नाही, त्याच्यात जाते. आणि तिथे टेकायला जागा नव्हती म्हणून लगेच जिना उतरायला लागली.

शनिवारी पाचलाच लिफ्टवाला दुकानात हजर. वरच्या फळीवरचा, चारच दिवसांपूर्वी आलेला गेम त्याने मागितला आणि घासाघीस न करता शंभर मोजले. मावशी सवयीने डबी खालच्या फळीवर ठेवायला गेली, तर त्याने ती तिच्या हातातून काढून घेतली. म्हणाला, मी थांबतो. स्टुलावर बसला, उठला, परत बसला. तासाभरात त्याने चार वेळा पाणी मागितलं. मावशी तीच ती डिस्क पुसत राहिली.

सहाला चष्मेवाला पायरीवर आला आणि तिथेच थबकला. धाकटा उभा राहिला. त्याने डबी नुसती पुढे केली. थोरल्याने ती घेतली, कपाळाला आठ्या घालून उलटी केली आणि मागची किंमत वाचली.

“पूर्ण भावाने घेतलास?” तो म्हणाला. “सेल लागेपर्यंत थांबायला काय झालं होतं तुला?”

“दादा,” धाकटा म्हणाला, “नाही थांबता आलं.”