मानपत्रात न मावलेल्या आवडाबाई

मुलींच्या शाळेत नोकरी केली की एक गंमत होते. हजेरीपटावर आपण लिहितो 'हजेरी बरी', आणि त्या दोन शब्दांसाठी सकाळपासून काय काय झालं ते कुणी कुठेच लिहीत नाही! मग ते सगळं डोक्यात साचतं. माझ्या डोक्यात आता पाय ठेवायला जागा नाही. त्यातून मी मुळातलीच अस्वस्थ बाई, बोलले नाही तर पोट दुखतं. तेव्हा ऐका.

आमची शाळा गिरगावात, फणसवाडीच्या तोंडाशी. आवडाबाई आमच्या शाळेच्या बोलावणाऱ्या. एकट्या मुलीला रस्त्यावर कोण सोडतंय? तेव्हा रोज सकाळी दारोदार जाऊन हाक मारायची, मुली गोळा करायच्या आणि शाळेत आणायच्या, हे त्यांचं काम. बाई मालवणकडच्या, विधवा. राहायला घोडपदेवला, तिथून पायी यायच्या.

यंदा एका शेठजींनी शाळेला रेकला दिला. दोन बैल, पडदे, घुंगरं, सगळा थाट! आमचे सेक्रेटरी रावसाहेब एकदम खूश. म्हणाले, "आता बोलावणारी कशाला? गाडी जाईल, मुली येतील. आवडाबाईंचा जंगी सत्कार करू आणि सन्मानाने निरोप देऊ."

म्हणजे हार घालून घरी बसवायचं! आणि मानपत्र लिहायचं कुणी? मी!

माझा नुसता जळफळाट झाला. या वयात बाई दुसरं काय काम धरणार? पण कमिटीपुढे मी कोण? मग ठरवलं, मानपत्रच असं लिहायचं की वाचून रावसाहेबांनी निरोपाचं नाव काढू नये. टाक घेतला. बसले, उठले, पुन्हा बसले. आणि पहिला किस्सा लिहिला तो आजोबांचा.

*

फणसवाडीतल्या एका आजोबांनी नात शाळेतून काढली. "तीन महिने शिकली, पुष्कळ झालं!" आवडाबाई भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एक पत्र घेऊन त्यांच्या पायरीवर जाऊन बसल्या. "आजोबानु, गावच्या भावाचा पत्र इला हा. वाचून दाखवशात?"

आजोबांनी पत्र डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं. अक्षर लागेना. "उद्या ये," म्हणाले. उद्या गेल्या. परवा गेल्या. चौथ्या दिवशी आजोबा कंटाळले आणि ओरडले, "अगं यमे, वाच हिला काय ते!"

यमीने घडाघडा वाचलं. वाडीतल्या चार बायका ऐकत उभ्या राहिल्या. आजोबांची मान अशी ताठ झाली म्हणता! सोमवारी यमी शाळेत हजर.

मी विचारलं, "बाई, भाऊ बरा आहे ना तुमचा?"

"माका खयचो भाऊ!"

खरंच की. बाईंनी सांगितलं तसं ते पत्र मीच लिहून दिलं होतं, आणि तरी भावाची चौकशी करत होते!

रावसाहेबांनी हे वाचलं आणि म्हणाले, "मानपत्रात लबाडी? काढा."

*

दुसरा किस्सा सरकारातून शाळा तपासायला येणाऱ्या डिपोटीसाहेबांच्या परीक्षेचा. कृष्णी आमची पाढ्यांत पहिली, पण साहेब समोर बसले आणि पोरीची वाचाच गेली. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. आम्ही दाराआडून हात चोळतोय.

आवडाबाई सरळ आत गेल्या. "सायबानु, जरा पगडी काढून ठेवा."

साहेबांना पगडी काढा म्हणणं! मी डोळेच मिटले.

"पोरगी पगडीक घाबरता," बाई म्हणाल्या. "हिचो सासरो अशीच पगडी घालून येता, आणि येता तेव्हा हिका न्यायची गोष्ट काढता."

आठ वर्षांची हो ती! साहेबांनी पगडी काढून टेबलावर ठेवली. कृष्णीने एकोणतीसपर्यंत पाढे न अडखळता म्हटले, आणि शेवटी साहेबांना म्हणाली, "आता घाला."

रावसाहेब म्हणाले, "सरकारी अधिकाऱ्याचा मान जातो. काढा."

*

तिसरा लिहू की नको असं झालं, कारण तो माझाच आहे. एकदा मी एका मुलीला पट्टी मारली. रागाच्या भरात, जरा जास्तच. मुलगी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर आवडाबाई माझ्या दारात उभ्या.

"चला बाई."

"कुठे? मुलगी आली का?"

"आज पोरीक नाय, तुमका बोलवूक इलंय."

त्या पुढे निघाल्या. मी आपली मागून मुकाट चालले, चुकलेल्या मुलीसारखी. त्या पोरीच्या घरी गेले, तिच्याजवळ बसले, आणि मला रडूच आलं. मुलगीच मला म्हणाली, "बाई, उद्या येते हं मी." त्यानंतर पट्टी मी रेघा मारायलाच वापरते.

रावसाहेब म्हणाले, "यात शाळेची नाचक्की आहे. काढा."

*

चौथा ताराचा. तिची आई गेली आणि पोर बोलायचीच थांबली. महिना झाला, तोंडातून शब्द नाही. कुणी गंडे बांधा म्हणे, कुणी वैद्याला दाखवा म्हणे.

एका सकाळी आवडाबाईंचा घसा बसला. हाक मारायला ताराला बरोबर घेतलं. दारात जायचं, खुणेनं तिला सांगायचं, आणि उभं राहायचं. तारा बोलेना, म्हणून मुली बाहेर येईनात. तीन दिवस शाळा उशिरा भरली. मी चिडले, वरच्या वर्गाच्या गोदूताई चिडल्या, रावसाहेबांनी तर चिठ्ठी पाठवली! बाई आपल्या गळ्याला फडकं बांधून ढिम्म.

चौथ्या दिवशी वाडीत खणखणीत आवाज आला, "अगं सखू, चल की लवकर! आमचे पाय दुखले!"

तारा!

त्याच क्षणी आवडाबाईंचा घसाही सुटला.

रावसाहेबांनी हे वाचलंच नाही. त्यांनी स्वतःच 'सचोटी', 'कर्तव्यनिष्ठा' असं दीड पान लिहून माझ्या हातात दिलं. "हे वाचा. उगाच घरगुती नको."

*

सत्कार रविवारी चार वाजता. आवडाबाईंना खुर्चीवर बसवलं, हार घातला. त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसलेल्या, नजर सारखी दाराकडे. मुलींना आणायला रेकला गेलेला, त्याची ही पहिलीच खेप. पाहुणे आले. साडेचार झाले. मी आत-बाहेर करून जिने झिजवले.

पावणेपाचला रेकला आला. रिकामा!

गाडीवान घाम पुसत म्हणाला, "दोन फेऱ्या मारल्या साहेब. घंटा वाजवली, नावं घेऊन हाका मारल्या. पोरी नटूनथटून दारात उभ्या आहेत, पण गाडीत बसत नाहीत."

समोर पाहुणे, आणि मुलींच्या शाळेत एक मुलगी नाही! रावसाहेबांचा चेहरा उतरला. आवडाबाई उठल्या. "येतंय," म्हणाल्या आणि गळ्यातल्या हारासकट जिना उतरल्या.

अर्ध्या तासाने आल्या. मागे दोन-दोनच्या रांगेत सगळ्या मुली, पायी.

रावसाहेबांनी पहिल्याच मुलीला धरलं. "का गं, गाडी आली होती ना दारात?"

"आली होती."

"मग?"

"गाडीवाल्याने विचारलं नाही. बाई आधी आमच्या कानात विचारतात, मग आम्ही निघतो."

"काय विचारतात?"

मुलीने ओठ घट्ट मिटले. दुसरीनेही मिटले. रावसाहेब आवडाबाईंकडे वळले. "काय विचारता हो तुम्ही रोज? आणि या काय सांगतात तुम्हांला?"

बाईंनी पदराने कपाळ पुसलं. "रावसाहेबानु, ता मी तुमका सांगलंय, तर उद्या पोरी माका काय सांगतीत?"

मी मानपत्र उघडून वाचायला उभी राहिले. रावसाहेब माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "बाई, यात 'निरोप' किती ठिकाणी आहे?"

"चार ठिकाणी."

"मग वाचू नका," ते म्हणाले, आणि खाली बसले.