तिसरं पाऊल

क्वार्टरबॅकला उशिरा धडक देणारा माणूस मला आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला सुधारलेला माणूस समजणार नाही.

ओमानमधल्या सोहारच्या एका पोलाद कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. मध्ये कंपनीने आठ महिने ट्रेनिंगसाठी अमेरिकेला पाठवलं होतं. तिथल्या थंडीत करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून फुटबॉल बघायला लागलो. आपला पायाने खेळायचा नव्हे, त्यांचा. हेल्मेट घालून, बॉल काखेत मारून पळायचा. ट्रेनिंगमध्ये काय शिकलो ते आता आठवत नाही, पण एका क्वार्टरबॅकचा भक्त होऊन परत आलो. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. बॉल त्याच्या हातात येतो, समोरून चार-पाच रेडे अंगावर धावून येतात, आणि त्याने दोन-तीन सेकंदांत न घाबरता लांब पळणाऱ्या आपल्या माणसाच्या हातात तो नेमका नेऊन ठेवायचा. फेकताना तो पूर्ण उघडा असतो. हात वर, फासळ्या मोकळ्या, नजर लांब. म्हणून नियम असा, की बॉल सुटल्यावर त्याला मारायचं नाही. वेगात आलेल्याला एखादं पाऊल माफ. त्यापुढे पावलं टाकून धडकलात तर पेनल्टी, तुमचा संघ पंधरा यार्ड मागे.

या एका पावलावरून आमच्या घरात जितकी भांडणं झाली तितकी गावाकडे बांधावरूनही होत नसतील.

अमेरिकेतली गुरुवार रात्रीची मॅच आमच्याकडे शुक्रवारी पहाटे लागते, आणि शुक्रवार आमचा सुट्टीचा दिवस. तेव्हा दर शुक्रवारी तीन माणसं माझ्या हॉलमध्ये जमायची. एक मी. दुसरा आमच्याच कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर, पुणेकर. याने खेळाचं नियमांचं पुस्तक छापून स्पायरल बाइंडिंग करून आणलं होतं, यावरून माणूस कळावा. तिसरे भाई. भाई दापोलीकडच्या खाडीकाठचे, माझ्या बायकोच्या माहेरच्या शेजारगावचे. कारखान्यात क्रेन ऑपरेटर. पहाटेची नमाज पढून मशिदीतून थेट आमच्याकडे यायचे. बायकोला ते 'बाय' म्हणत, भाऊबीजेला ओवाळून घेत, आणि त्या नात्याने मी त्यांचा भावोजी. मला हे नातं कोणी विचारून दिलेलं नव्हतं.

भाईंना हा खेळ आधीच्या नोकरीतल्या एका अमेरिकन फोरमनने शिकवला होता आणि शिकवताना उलटा शिकवला होता. ते नेहमी धडक देणाऱ्याच्या बाजूने. "फेकणारा काय देव हाय?" ते विचारायचे. "दीडशे किलोचा माणूस धावत येतोय. त्याला ब्रेक कुठं लावायचा, सांगा."

"दुसऱ्या पावलाला लावायचा," मी म्हणायचो. "पहिलं पाऊल वेगाचं असतं. दुसऱ्यात नियत असते."

"नियत रेफरीला दिसते?"

"मला दिसते."

मग पुणेकर पान उलटून सांगायचा की पुस्तकात नियत हा शब्दच नाही, आणि आम्ही दोघेही त्याच्यावर घसरायचो.

तिकडे मैदानात रेफरी पिवळं फडकं टाकतो. आमच्याकडे बायकोचं हळदीने पिवळं झालेलं ओट्यावरचं फडकं होतं. ज्याला फाउल वाटला त्याने ते टीव्हीसमोर टाकायचं. हे फडकं सोफ्याच्या हातावर पडलेलं असे आणि बहुतेक वेळा मीच टाकत असे. बायको म्हणायची, ओटा पुसायला कधी ते हातात घेतलं नाहीत.

भाईंचा एक लाडका धडा होता, तो ते महिन्यातून एकदा तरी ऐकवायचे. क्रेनच्या कामात खाली एकच माणूस खुणा करतो आणि ऑपरेटरने फक्त त्याच्याच खुणा बघायच्या. मॅनेजर खाली नाचला तरी लक्ष द्यायचं नाही. पण कोणी हात वर करून पंजा दाखवला, म्हणजे 'थांब', तर तो पंजा झाडूवाल्याचा असला तरी क्रेन थांबते. "स्टॉप कोणीपण देऊ शकतो," भाई सांगायचे. "का, कशाला, नंतर इचारायचं. आधी थांबायचं." भाईंच्या क्रेनखालून वितळलेलं पोलाद जायचं. त्यांनी हे मिरवावं असंच होतं, पण मला ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता.

त्या शुक्रवारी माझ्या क्वार्टरबॅकला मारलं. बॉल हातातून कधीच सुटला होता. तो समोर बघत उभा होता आणि डाव्या बाजूने एक जण दोन-तीन पावलं टाकून आला आणि त्याच्या छातीत घुसला. मान मागे गेली, हेल्मेट जमिनीवर आपटलं. मैदानात फडकं पडलं नाही.

"फाउल!" मी ओरडलो.

"उठेल," भाई घावण्याचा तुकडा चटणीत बुडवत म्हणाले. "नाटक करतोय. हे फेकणारे सगळे नाटकी."

तो उठला नाही. गाडीवर घालून त्याला बाहेर नेलं, तेव्हा त्याचा एक हात विचित्र पडलेला दिसत होता. मी सोफ्यावरचं फडकं उचललं आणि भाईंच्या तोंडावर मारलं.

आतून बायको "अहो!" म्हणाली. पुणेकर पुस्तकात बघायला लागला. भाईंनी गालावरची चटणी त्याच फडक्याने पुसली, त्याची घडी घातली आणि सोफ्याच्या हातावर ठेवली. "रेफरीला तिथं दिसलं नाय, नि तुमाला सोहारमधून दिसलं," ते म्हणाले. "मोठी नजर हाय, भावोजी."

माफी मागायची ती वेळ होती. मी चहा मागितला.

थंडीच्या दिवसांत मॅच संपली की आम्ही कंपनीच्या कॉलनीतल्या मैदानावर जायचो. कॉलनीतले आणखी दोन-तीन जण यायचे आणि जुम्म्याच्या नमाजेआधी तासभर खेळायचो. आमच्या खेळात धडक नव्हतीच. प्रत्येकाच्या कमरेला रुमाल खोचलेला, तो ओढला की खेळ थांबला. फेकणाऱ्यावर धावून जायच्या आधी मोठ्याने मोजायचं, 'एक यल्ला, दोन यल्ला, तीन यल्ला' (यल्ला म्हणजे अरबीत 'चला'), मग पळायचं. साधारण चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या माणसांचा खेळ.

क्वार्टरबॅक नेहमी मी. त्या दिवशी भाईंनी बॉल माझ्या हातातून घेतला. "आज मी फेकतो. बगू तरी, काय एवढं मोठं हाय त्यात."

मोठं काही नव्हतं असं त्यांनी मला दाखवून दिलं, हेच मला झोंबलं. साठ फुटांवरून पोलादाची बादली इंचभर इकडेतिकडे न करता ठेवणारा हात तो. पहिला बॉल नेमका गेला. दुसराही गेला. प्रत्येक वेळी ते माझ्याकडे वळून हसले. पुणेकर बाजूला उभा राहून मोबाइलवर शूटिंग करत होता, कारण तो जिथे जाईल तिथे शूटिंग करतो, धंद्याची सवय.

तिसऱ्या वेळी मी मोजलं. एक यल्ला, दोन यल्ला, तीन यल्ला. पळालो. मी पोचायच्या आत बॉल त्यांच्या हातातून सुटला होता. एक पाऊल पडलं. भाईंनी मला येताना बघितलं आणि उजवा हात वर करून पंजा दाखवला.

दुसरं पाऊल. इथे थांबता येत होतं. माझे गुडघे थांबायला तयारही झाले होते, हे मी लिहून ठेवतो, कारण हे फक्त मलाच माहीत होतं असं मला पुढे बरेच दिवस वाटत होतं. मला तो पंजा दिसत होता, तळहातावरच्या रेषा दिसत होत्या, आणि त्या पंज्यामागे ते तोंड दिसत होतं, 'नाटक करतोय' म्हणणारं. तिसरं पाऊल मी मुद्दाम टाकलं आणि खांदा खाली घालून त्यांच्या अंगावर गेलो.

ते त्याच वर केलेल्या हातावर पडले.

"काय नाय, काय नाय," म्हणत भाई उठून बसले, पण चेहरा राखेसारखा झाला होता आणि उजवा हात त्यांचं ऐकत नव्हता. हॉस्पिटलमध्ये कळलं की खांदा निखळलाय आणि आतलं काहीतरी फाटलंय. आम्हा तिघांनाही तिथेच दुसरी गोष्ट कळली. क्रेनच्या केबिनमध्ये सरळ उभ्या शिडीने चढून जावं लागतं. दर वर्षी डॉक्टर तपासतो. दोन्ही हात डोक्यावर नेता आले नाहीत तर तो सही करत नाही, आणि सही नसलेला क्रेन ऑपरेटर कंपनी ठेवत नाही. भाईंची तपासणी तीन महिन्यांवर होती.

मैदान कंपनीचं, दोघेही कंपनीचे, त्यामुळे पुणेकराला रिपोर्ट लिहिणं भाग होतं. कॉलनीत एकाने दुसऱ्याला मुद्दाम मारलं तर चौकशीसुद्धा लांबत नाही. व्हिसा रद्द, खलास. पुढच्या शुक्रवारी तो फॉर्म घेऊन माझ्याच घरी आला. भाई हात गळ्यात बांधून आले होते. मॅच चालू होती, तिचा आवाज बंद केला आणि पुणेकराने त्याचं शूटिंग टीव्हीवर लावलं.

इतकी वर्षं आम्ही दुसऱ्यांचे फाउल मागेपुढे करून बघत होतो. आता पडद्यावर माझी पाठ होती, घामाने भिजलेली, आणि तिने भाई जवळजवळ पूर्ण झाकले होते. पाय दिसत नव्हते, मध्येच कोणीतरी आडवा पळत गेला होता. पुणेकराने ते चार वेळा लावलं.

"बॉल सुटल्यावर किती पावलं?" त्याने मला विचारलं.

"एक," मी म्हणालो.

त्याने भाईंकडे बघितलं. भाई पडद्याकडे बघत होते.

"एकच," भाई म्हणाले. "पाय घसरला त्यांचा. वाळू होती तिथं."

तिथे वाळू नव्हती. पुणेकराने वाळू लिहिली. बायको दारात उभी होती. तिने पुढे येऊन सोफ्याच्या हातावरचं फडकं उचललं. "आता याचं तुम्हाला काही काम नाही," असं म्हणून ती ते आत घेऊन गेली.

यानंतर मला भाईंचा राग यायला लागला. शरम वाटायला हवी होती, ती वाटत होती, पण तिच्यापेक्षा राग जास्त होता. त्यांना मी सांगितलं होतं का, मला वाचवा म्हणून? भांडले असते, पुणेकराला खरं सांगितलं असतं, तर मीही मोठ्या तोंडाने भांडलो असतो. पंजा, नियत, पावलं, सगळं काढलं असतं. त्यांनी भांडणच काढून घेतलं. कारखान्यात समोर आले की डावा हात कपाळाला लावून "सलाम, भावोजी" म्हणायचे, आणि मला वाटायचं, हा माणूस रोज मला हप्त्याहप्त्याने मारतोय. घरी मी चिडचिड करायचो. चहा पातळ झाला म्हणून, एसीचा आवाज येतो म्हणून. बायकोने शुक्रवारचे घावणे बंद केले. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "खाणारा येत नाही. कोणासाठी करू?"

तीन महिन्यांनी डॉक्टरने सही केली नाही. हात खांद्यापर्यंत येत होता, त्याच्या वर नाही. कंपनीने भाईंना दुसरं काम बघतो, इन्शाल्ला, असं महिनाभर सांगितलं आणि मग कागद हातात दिले. सव्वीस वर्षं ओमानमध्ये काढून, पन्नाशीत, उजवा हात अर्धा घेऊन ते घरी निघाले.

"तुम्ही सोडायला जाणार," बायको म्हणाली. तिने विचारलं नाही.

सोहार ते मस्कत विमानतळ दोन-अडीच तास. अर्ध्या-पाऊण तासाने वाटेतल्या खाबुऱ्याला चहासाठी थांबलो. गाडीतच दोन कडक चहा मागवले. भाईंनी कागदी कप डाव्या हातात घेतला. समोर भर दुपारचं ऊन होतं आणि एक माणूस पिकअपमधून टरबुजं उतरवत होता.

"भाई," मी म्हणालो, "मी थांबू शकलो असतो."

"म्हाईत हाय."

"तुमचा पंजा मला दिसला होता."

"तेपण म्हाईत हाय. तुमी माझ्या हाताकडंच बगत होतात." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तीन पावलं होती. मी मोजली."

"मग रिपोर्टमध्ये का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला, या वेळीसुद्धा. "मला कशाला उपकाराखाली ठेवलंत?"

"उपकार?" ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत. "बाय उघड्यावर पडली आसती, ती एक गोष्ट. नि दुसरी सांगू? मी खरं बोललो आसतो तर आज तुमीपण याच विमानात आसतात. मना तुमच्या बाजूच्या सीटवर बसायचं नव्हतं."

पुढचा रस्ता मी गाडी चालवली. मध्ये एकदा त्यांनी एसी कमी करायला सांगितला, मी कमी केला.

विमानतळावर डिकी उघडली. दोन बॅगा होत्या, एक फार जड, बायकोने त्यांच्या मुलींसाठी काय काय भरलं होतं. त्यांनी ती डाव्या हाताने ओढली, ती डिकीच्या काठाला अडकली. मी पुढे झालो. पहिलं पाऊल टाकलं असेन.

भाईंनी बॅग खाली ठेवली, डावा हात वर केला आणि पंजा दाखवला.

मी जागच्या जागी थांबलो. त्यांनी एकेक करून दोन्ही बॅगा स्वतः उतरवल्या, एकाच हाताने ट्रॉलीवर चढवल्या आणि ट्रॉली ढकलत आत गेले. तेवढा वेळ मी तसाच उभा होतो.