चारशे अकरा वेळा ‘होय’

आयुष्यात एकाच प्रश्नाला मी लागोपाठ चारशे अकरा वेळा ‘होय’ असं उत्तर दिलं, आणि चारशे अकराही वेळा ते चुकलं. विचारणारा कॉम्प्युटर होता. उत्तर देणारी मी, वय वर्षं अठ्ठावन्न, कचेरीतून नुकतीच निवृत्त झालेली, आणि ‘आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या अंगावरचं प्लास्टिक काढायला पहिली पुढे कोण झाली, तर मी’ हे वाक्य दर हळदीकुंकवाला एकदा तरी म्हणणारी. कॉम्प्युटरच्या कोर्सचं प्रमाणपत्र मी फ्रेम करून देवघराच्या शेजारी लावलं होतं. देवाला नमस्कार करणाऱ्याचा आपोआप त्यालाही व्हावा, इतकी साधी अपेक्षा. आज सत्तरीकडे झुकल्यावर त्या अठ्ठावन्न वर्षांच्या पोरीकडे बघते तेव्हा हसू आवरत नाही. आणि तिच्या त्या ‘होय’पायी ज्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा पार काला झाला, ते आमच्या समोरच्या घरातले मास्तर. त्यांच्याबद्दल एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगते. अख्ख्या सोलापुरात कॉम्प्युटर खऱ्या अर्थानं कळलेला एकच माणूस होऊन गेला, आणि त्या माणसानं जन्मात कधी कॉम्प्युटरला हात लावला नाही.

मास्तर शाळेतले नव्हेत. चादरीच्या कारखान्यात नक्षीचे पुठ्ठे तयार करणारे मास्तर. चादरीवर मोर उमटतो तो काही विणकराच्या मनात आलं म्हणून उमटत नाही. मागाच्या डोक्यावर दोरीत ओवलेल्या लांबट पुठ्ठ्यांची एक माळ फिरत असते. पुठ्ठ्याला जिथं भोक असेल तिथलं सूत वर उचललं जातं, नसेल तिथलं खाली राहतं. एक पुठ्ठा म्हणजे चादरीची एक ओळ. कुठल्या पुठ्ठ्याला कुठं भोक पाडायचं, हे ज्याच्या डोक्यात असतं तो मास्तर. यांनी हे चाळीस वर्षं केलं. त्यामुळे मी निवृत्तीच्या पैशातून घेतलेला कॉम्प्युटर त्यांना बोलावून दाखवला आणि शून्य-एकचं माझं पाठ केलेलं व्याख्यान सुरू केलं, तेव्हा त्यांनी मला निम्म्यातच थांबवलं. म्हणाले, “मॅडम, ह्यात नवीन काय हाय? भोक हाय, न्हायतर भोक न्हाय. तिसरं कायतरी निघालं की मला बोलवा.” कोर्सच्या वहीत जे लाल शाईनं अधोरेखित करूनही मला कळलं नव्हतं ते या गृहस्थानं चहा गार व्हायच्या आत संपवलं होतं. आणि मी काय म्हणावं? “तितकं सोपं नसतं हो मास्तर.” आता आठवलं की स्वतःच्याच गालावर एक ठेवून द्यावीशी वाटते.

प्रत्येक नव्या वस्तूला ते आपल्या मागाच्या हिशेबानं जोखत. लेकीनं त्यांना स्मार्टफोन पाठवला. आठ दिवसांत त्यावर ‘अपडेट करा’ असं आलं, तर मास्तर फोन तळहातावर ठेवून माझ्याकडे तक्रार घेऊन हजर. “आमी चादर इकली की गिऱ्हाइकाच्या घरात शिरून नक्षी बदलतो का? ह्यांना लाज न्हाय वाटत?” पासवर्डच्या चौकटीखाली ‘विसरलात का?’ असं लिहिलेलं असतं ना, त्याचा त्यांना मनापासून अपमान वाटे. “अजून मी काय बोललोबी न्हाय, आणि दारातच इचारतंय, इसरलात का म्हणून. पावण्याला असं इचारतात व्हय?” व्हॉट्सअ‍ॅपची तर त्यांची स्वतःची रीत होती. मेसेज आला की ते वाचत, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावत, रस्ता ओलांडून येत आणि दारात उभं राहून म्हणत, “मेसेज मिळाला.” मी एकदा हौसेनं गुलाबाच्या फुलाचं ‘शुभ सकाळ’ पाठवलं. साडेसहाला बेल वाजली. दारात मास्तर. “तुमाला पण,” म्हणाले आणि परत गेले. असे लागोपाठ नऊ दिवस गेल्यावर मी सोलापुरातल्या यच्चयावत लोकांना गुलाब पाठवायची, फक्त समोरच्या घराला सोडून.

फोनही त्यांच्याशी फटकून वागायचा, हे कबूल केलं पाहिजे. चाळीस वर्षं पुठ्ठे हाताळून त्यांच्या बोटांची टोकं इतकी घट्ट आणि गुळगुळीत झाली होती की पडद्याला ती बोटं आहेत हेच कळत नसे. ते दाबत, फोन गप्प. आणखी जोरात दाबत, तरी गप्प. एका कचेरीत अंगठा लावायचं यंत्र होतं, त्यानंही तीनदा नकार दिला. तिथली मुलगी म्हणाली, “आजोबा, तुमचे ठसे येत नाहीत.” आमच्याकडे येऊन मास्तर मला म्हणाले, “चार हजार चादरींवर आलेत की माझे ठसे. ह्या मशिनीला चादर पांघरायला द्या म्हणावं, वळखंल.” हसत म्हणाले, पण त्या दिवशी ते चहा न घेता गेले.

चिंचोळीच्या एमआयडीसीत त्यांच्या जुन्या सोबत्यानं एकदा नवा, बिनपुठ्ठ्यांचा माग दाखवायला नेलं. नक्षी कुठं आहे विचारलं तर त्या माणसानं पेनड्राइव्ह काढून हातावर ठेवला. मास्तरांनी तो भाजीवाल्याकडची मिरची तोलावी तसा तोलला, उलटासुलटा केला आणि विचारलं, “बरं, ह्याला दोरी कुटं बांधतात?” सगळे हसले. मीही हे ऐकून पोट धरून हसले होते. दोरीच्या त्या प्रश्नात किती शहाणपण होतं हे मला लवकरच कळायचं होतं.

झालं असं. मास्तरांनी लेकीच्या लग्नात स्वतःच्या नक्षीची एक चादर विणवून घेतली होती. डाळिंबाच्या फांदीवर समोरासमोर बसलेले पोपट. ती नक्षी त्यांनी कुठल्या मालकाला दिली नाही. पुठ्ठ्यांची माळ माळ्यावर जपून ठेवली. आता नातीचं लग्न ठरलं होतं, तुळशीचं लग्न झालं की लगेच, आणि नातीनं हट्ट धरला, मला आईसारखीच चादर पाहिजे. पुठ्ठ्यांवर चालणारा माग शहरात त्यांच्या ओळखीच्या एकाच शेडमध्ये उरला होता आणि दिवाळीनंतर तो भंगारात निघणार होता. म्हणजे चादर व्हायची तर दिवाळीआधी, नाहीतर कधीच नाही. मास्तरांनी माळ खाली काढली, पण घराला रंग द्यायचा होता, म्हणून चार दिवसांसाठी गठ्ठा माझ्याकडे आणून ठेवला. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घेऊन ते अक्कलकोटला निघाले होते. जाताना एवढंच म्हणाले, “मॅडम, हात लावू नका. फकस्त उंदीर बघा.”

उंदीर बिचारा आलाच नाही. मी आले. मला वाटलं, एवढी मोलाची नक्षी, आणि तिचा बॅकअप नाही? मास्तर परत येतील तेव्हा सगळी कॉम्प्युटरमध्ये तयार ठेवू, थक्क होतील. (झाले.) स्कॅनरच्या काचेवर माळ काही सपाट बसेना, तेव्हा मी शिवणाची कात्री घेतली आणि पुठ्ठे ओवलेली दोरी कापून टाकली. मग एकेक पुठ्ठा काचेवर ठेवायचा, बटण दाबायचं, आणि झाला की बाजारच्या पिशवीत टाकायचा. क्रम कशाला सांभाळायचा? कॉम्प्युटरमध्ये आहे ना! पहिला पुठ्ठा मी ‘पोपट’ या नावानं साठवला. दुसराही ‘पोपट’च. तेव्हा कॉम्प्युटरनं नम्रपणे विचारलं, या नावाचं चित्र आधीच आहे, त्याच्या जागी हे ठेवू का? मी म्हटलं, होय. मला वाटलं, ‘पोपट’ नावाच्या ट्रंकेत एकावर एक घड्या ठेवतोय. तिसऱ्याला विचारलं, होय. दहाव्याला विचारलं, होय. इतकं आदबीनं विचारणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? दोन दिवस मी हेच करत होते, मध्ये फक्त भाकरीपुरती उठले. शेवटी पिशवीतले पुठ्ठे काढून पत्ते पिसतात तसे ठोकून ठोकून नीट एका उंचीत बसवले आणि मोठ्या अभिमानानं ‘पोपट’ उघडला. आत एक पुठ्ठा होता. चारशे बारावा.

मास्तर आले तेव्हा मी दारातच रडायला लागले. त्यांनी आधी पिशवी बघितली, मग कापलेली दोरी बघितली. मी विचारलं, “मास्तर, पुठ्ठ्यांना नंबर नव्हते का हो?” ते म्हणाले, “दोरी असताना नंबर कशाला?” मग खुर्चीत बसून, कापलेली दोरी बोटाला गुंडाळत सगळी हकिगत नीट ऐकून घेतली. मी म्हटलं, “या मेल्या कॉम्प्युटरनं घात केला.” तर एकदम मान वर करून म्हणाले, “न्हाय मॅडम. त्यानं चारशे येळा इचारलं तुमाला. इतक्यांदा तर माझ्या सासऱ्यानंबी न्हवतं इचारलं.” माझी बाजू कुणी घेईल अशी आशा नव्हतीच, पण त्यांनी कॉम्प्युटरची घ्यावी!

दुसऱ्या दिवशी सकाळी बटणं लावून दारात उभे. काखेत लेकीची ती जुनी चादर, धुऊन धुऊन विरलेली. एक पुठ्ठा म्हणजे एक ओळ, म्हणजे चादर वाचली की क्रम मिळणार. पण ओळी इतक्या बारीक की भिंगातूनही डोळ्यांपुढे मुंग्या येत. तेव्हा मी भीत भीत म्हटलं, “फोननं फोटो काढून मोठा करून बघू या का?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू कात्री मी लांब ठेवलीय ना याची खात्री करतायत. पण फोटो काढला. त्यांच्या बोटांना फोन दाद देईना, म्हणून ताणायचं काम माझं आणि वाचायचं त्यांचं. “तीन वर, एक खाली, पाच वर. सरकवा. सरकवा की! बास.” मग ढिगात हात घालत आणि पुठ्ठ्यावरून बोट फिरवत. दुपारी वीज गेली, खिडक्या उन्हामुळे लावलेल्या, तरी अंधारात त्यांचा हात चालूच. “ही पोपटाची शेपूट. हे पान. हे काय, हे डाळिंब फुटलेलं.” ज्या बोटांना यंत्रं ओळखत नव्हती त्या बोटांना एकेक भोक ओळखत होतं. मी फोन बाजूला ठेवून बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना काम करताना मी कधी पाहिलंच नव्हतं, नुसतं निवृत्त पाहिलं होतं.

मध्येच निरोप आला की भंगारवाला वसुबारसेलाच येणार. हातात नऊ दिवस उरले. मास्तर पहाटेच्या चहाला आमच्याकडे, संध्याकाळीही आमच्याकडेच. समोरून वहिनींची जेवायला हाक येई, हे “आलो, आलो” म्हणत आणि हलत नसत. शेवटी त्या भाकरी आणि शेंगाची चटणी इकडेच आणून द्यायच्या. शेवटच्या दिवशी दोन पुठ्ठ्यांवरून आमची जुंपली. मी म्हटलं हा आधी, ते म्हणाले मागून. “मास्तर, फोटोत स्वच्छ दिसतंय!” मी म्हटलं. त्यांनी पुठ्ठ्यावरून एकदा बोट फिरवलं आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे तो ओवला.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी माग चालला. त्याचा तो खडाड-खट आवाज, वर सरकणारी माळ, आणि खालून वीत-वीत वर येणारी डाळिंबाची फांदी. मास्तर मागाला हात लावून उभे होते, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. पोपट आले आणि मला दिसलं. मानेवर एक बारीक खाच. माळ फिरून फिरून तीच येते, त्यामुळे पुठ्ठा चुकला की एकच पोपट चुकत नाही, जितके पोपट तितक्या खाचा. दुसरी चादर काढायला सूतही नव्हतं आणि वेळही. मी तोंडात पदर कोंबला. मास्तरांनी खाच माझ्याआधी पाहिली होती. म्हणाले, “असू द्या. आजवर माझ्या नक्षीवर कुणाची सही न्हवती. ही तुमची.” नातीनं ती चादर डोळ्यांना लावली, आणि खाचेबद्दल तिला कुणी काही सांगितलं नाही.

आता त्या शेडच्या जागी गाड्या उभ्या करतात. मास्तरांना जाऊनही चार वर्षं होतील. सकाळी साडेसहाला माझी मान आपोआप दाराकडे वळते आणि मी स्वतःला रागावते. पण तेव्हाचं सांगायचं ते एवढंच, की लग्नाचे पाहुणे गेल्यावर मी वहिनींची माफी मागायला गेले होते. त्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. मी म्हटलं, वहिनी, माझ्यामुळे तुमच्या माणसाला ऐन सणात केवढा ताप झाला. त्यांनी हातातली विडी बांधून पुरी केली, आतल्या खोलीत मास्तर खिडकीशी नुसते बसले होते तिकडे एकदा बघितलं, आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, “अक्का, आमच्या घरात अजून कायतरी कापायसारखं हाय का, बघा की. कारखाना सुटल्यापासनं आमच्या मालकांना जेवायला दुसऱ्यांदा हाक मारायची येळच आली न्हवती.”