भगरीशी मटण

काटकसर या विषयावर मी अनेक भाषणं दिली आणि एक लग्न लावलं. भाषणं बरी झाली.

ते टंचाईचे दिवस होते. लग्नात पन्नासांवर पाहुण्यांना धान्याचा पदार्थ वाढायचा नाही, असा सरकारी हुकूम होता. गांधीबागेमागच्या आमच्या कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात मी मास्तर, त्यातून काटकसर समितीचा चिटणीस. हुकूम मोडायला सगळे मोकळे होते, मी सोडून. आणि माझ्या बहिणीच्या, कुसुमच्या, लग्नाला पाहुणे दोनशे!

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्यांना मटण घालायचं, ही आमच्या घरची रीत. ते जेवण झाल्याशिवाय मुलगी सासरी जात नाही. मी हुकूम तीनदा वाचला. त्यात मटणाचं नावच नव्हतं! (शोध लावणाऱ्यांना होतो तसला आनंद मला झाला.) राहिली भाकर. तिच्याऐवजी भगर वाढायची; ती उपासाला चालते, म्हणजे धान्य नव्हे. बायकोला हे सांगितलं, तर ती म्हणाली की भाषण रश्शात बुडवून खायची सवय तुम्हाला आहे, वऱ्हाड्यांना नाही. मी दुर्लक्ष केलं.

पंगत बसली. पानावर पांढरी भगर, तिच्यावर लालभडक तर्री. उमरेडच्या आमच्या व्याह्यांनी बोटानं भगर चाचपून पाहिली.

“मास्तर,” ते शांतपणे म्हणाले, “भगर उपासाची, मटण पार्टीचं. मी उपास धरून राहिलो का सोडून राहिलो?”

मी देशाची परिस्थिती समजावू लागलो. त्यांनी पान पुढे सरकवलं.

“देशाले माझा नमस्कार सांगा. भाकर भेटल्याबिगर मी जेवत नाही, अन् सुनेले नेत नाही.”

झालं! दोनशे माणसांनी हात आखडले. आत कुसुम रडू लागली. भाकर वाढावी तर समितीत तोंड दाखवता येणार नाही, न वाढावी तर बहीण घरात.

बायकोनं मला काही विचारलंच नाही. ती समोरच्या घरात शिरली, तिथून पुढच्या. हुकूम वाढणाऱ्याला होता. जेवणाऱ्यानं घरची भाकर आणू नये, असं कुठे लिहिलं होतं? (मी तीनदा वाचूनही मला हे दिसलं नव्हतं.) तासाभरात मोहल्ल्यातल्या बायका ज्वारीच्या भाकरी फडक्यांत बांधून हजर झाल्या. व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि नेमका पुरवठा निरीक्षक दारात उभा राहिला. एवढ्या भाकरी कोणाच्या, असं त्यानं विचारलं.

“ज्याच्या त्याच्या घरच्या, साहेब,” बायको माझ्याकडे बोट करून म्हणाली. “यायनं एक दाणा नाही वाढला. यायलेच विचारा.”

मी खरं तेच सांगितलं. असा काटकसरी समाज आपण पाहिला नाही, असं म्हणत साहेबही पंगतीला बसले आणि चार भाकरी खाऊन उठले. त्या चार तेवढ्या आमच्या घरच्या होत्या.

कुसुम हसत सासरी गेली. मी जेवायला बसलो तेव्हा भाकरीचा तुकडा उरला नव्हता. दोन मोठी पातेली भगर मात्र जशीच्या तशी होती. पुढचे चार दिवस बायकोनं मला दुसरं काही वाढलं नाही. अन्न वाया घालवणं हा देशद्रोह आहे, हे माझ्याच भाषणातलं वाक्य तिला तोंडपाठ होतं.