बेडकाची सात नावं

मेल्चोर ताक्लोबोसचं पुस्तक लिहून तयार होतं. कुठलं पान कुठल्या पानामागं यावं एवढंच ठरायचं बाकी होतं, आणि ते गेली चार वर्षं बाकी होतं.

पुस्तक जुन्या व्हिडिओ गेमच्या परीक्षणांचं होतं. पानाय बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या गावात नव्वदच्या सुमाराला घरोघरी टीव्हीखाली एक यंत्र आलं. त्यात वरून कॅसेट खुपसायची, चालली नाही तर काढून फुंकायची, तरी चालली नाही तर शेजारच्याला फुंकायला द्यायची. मेल्चोरनं, म्हणजे चोयनं (पूर्ण नावानं त्याला फक्त पाद्री हाक मारतात), त्या काळातली गावातली एकही कॅसेट सोडली नव्हती. पुढं तो नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात कारकून झाला आणि गेली बावीस वर्षं तिथंच आहे. चुकलेले जन्मदाखल्याचे फॉर्म टाकून देणं त्याच्या जिवावर येई. म्हणून एकेका फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर तो एकेका खेळाचं परीक्षण लिहीत गेला. दहापैकी गुण, खाली मत. पुढच्या बाजूला कुणाचं तरी अर्धवट नोंदलेलं बाळ, मागच्या बाजूला अवकाशयान. अशी तीनशे बेचाळीस परीक्षणं झाली.

एवढा ऐवज लावायचा तर वर्णानुक्रमानं लावावा, असं कुणीही म्हणेल. पण ते कुणीही त्या गावचं नसणार. कधीकाळी स्पेनच्या गव्हर्नरानं आडनावं वाटायला काढली तेव्हा एकेका गावाला यादीचा एकेक तुकडा मिळाला, आणि या गावाच्या वाट्याला 'त' आला. तिथं डॉक्टर त, मेयर त आणि मेयरनं पाडलेला उमेदवारही त. चोयच्या वर्गात चव्वेचाळीस पोरं होती आणि चव्वेचाळीसही त. वर्णानुक्रम लावला की वस्तू सापडते, ही त्या गावात ऐकीव गोष्ट आहे.

मग त्यानं सालवार लावून पाहिलं. पण कॅसेटी सगळ्या चोरट्या छापाच्या, आणि प्रत्येकीवर साल १९९० होतं, चौऱ्याण्णवमध्ये घेतलेल्यांवरसुद्धा. प्रकारवार लावलं तर 'गोळ्या झाडणे' या प्रकरणात दोनशे सात खेळ आले आणि 'विचार करणे' यात एकच, तोही चोयला कधी कळला नव्हता. शेवटी कॅसेट मुळात कुणाची यावरून लावायला घेतलं, तर दोन चुलतभाऊ आठवडाभर बोलेनासे झाले. एकाच्या कॅसेटी पान ऐंशीच्या पलीकडं गेल्या होत्या.

हे असंच आणखी चार वर्षं सुखानं चाललं असतं. पण बहिणीनं फ्लेक्स लावला.

दिविना चोयपेक्षा तीन वर्षांनी मोठी. बाजाराच्या तोंडाशी तिची बाचोयची, म्हणजे शेवयांच्या रश्श्याची, खानावळ आहे आणि सारं गाव तिला नांग विविंग, म्हणजे विविंगताई, म्हणतं. त्या गावात नर्सिंगची परीक्षा पास झाल्याचा फ्लेक्स लागतो. नापास होऊन पुन्हा बसणार असल्याचाही लागलेला आहे. समोरच्या तालेओनांच्या भिंतीवर त्यांच्या मुलानं दोन दिवसांच्या शिबिराला हजेरी लावल्याचा फ्लेक्स तिसऱ्या वर्षात आहे. ताक्लोबोसांच्या भिंतीवर मात्र आजवर पाल सोडून काही लागलं नव्हतं. आता तिथं आठ फुटी चोय उभा होता. फोटो मामेबहिणीच्या लग्नातला होता आणि कापताना त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहून गेला होता. खाली मजकूर: 'हार्दिक अभिनंदन! लेखक मेल्चोर ताक्लोबोस. ३४२ खेळांचे परीक्षण. प्रकाशन फिएस्टाच्या दिवशी, मेयरांच्या हस्ते.'

"नांग, विचारलं तरी असतंस."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. मग तुझं न ऐकता लावावा लागला असता. त्यापेक्षा हे बरं."

फिएस्टा, म्हणजे गावच्या संताची जत्रा, तीन आठवड्यांवर होता. छापखान्याला त्यातले दोन लागणार होते.

चोयनं ठरवलं की आता प्रत्येक खेळ एकदा लावून बघायचा, म्हणजे काही ना काही क्रम आपोआप सुचेल. रविवारची मिसा झाली, काद्योसचे तुरीसारखे दाणे आणि फणस घातलेलं डुकराचं कालवण जेवून झालं, आणि यंत्र टीव्हीला जोडलं गेलं. नांग विविंग शेजारी खानावळीसाठी लसूण सोलत बसली. पहिला खेळ 'डिगर फ्रॉग', बेडूक जमिनीखाली भुयार खणत जातो तो. चोयचा लाडका. त्यानं कॅसेट बदलली आणि 'टनेल ८८' लावला.

"हा बेडूक झाला की मघाशी," लसणावरची नजर न काढता ती म्हणाली.

"तो 'डिगर फ्रॉग'. हा वेगळा."

"शर्ट बदललाय नुसता."

"नांग, हा निळा आहे. आणि हा पाण्यापासून सुरू होतो, तो मातीपासून."

"मघाच्यातही चौथ्या फेरीला पाणी येतं. डावीकडं एक मासा असेल. तो आता तुला खाणार."

माशानं खाल्लं.

चोयनं रिमोट मांडीवर ठेवला. "तुला काय माहीत?"

"सहा वर्षं दुसरा रिमोट माझ्या हातात होता. तू मरायचा नाहीस आणि माझी पाळी यायची नाही. बघत बसण्याशिवाय मला दुसरं काम काय होतं?"

त्याचं असं होतं. कॅसेटवर 'एकात शंभर' छापायचं तर शंभर नावं लागतात, आणि छापणाऱ्याजवळ खेळ असायचे बारा-पंधरा. मग तो बेडकाला निळा करी, चौथ्या फेरीपासून सुरू करी आणि नवं नाव देई. गावातल्या प्रत्येक पोराला याचा थोडाफार संशय होता. पण संशय घेत बसलं तर शेजारचा रिमोट उचलायचा, म्हणून कुणी तो फार वेळ घेतला नव्हता.

चोयनं जन्मदाखल्यांचा गठ्ठा काढला. 'डिगर फ्रॉग'ला त्यानं दहापैकी नऊ दिले होते: 'एकटेपणाचं इतकं खोल दर्शन क्वचितच घडतं.' 'टनेल ८८'ला दोन: 'डिगर फ्रॉगची निर्लज्ज नक्कल. बेडकाला आत्मा नाही.' 'ग्रीन जम्पर'ला साडेसात: 'डिगर फ्रॉगमधल्या चुका निर्मात्यानं इथं कटाक्षानं टाळल्या आहेत.' असा तो बेडूक सात नावांनी सापडला. एका ठिकाणी तर चोयनं त्याला गुण देण्याच्या लायकीचाच मानलं नव्हतं. त्या आठवड्यात त्याची दाढ दुखत होती.

पुढचे तीन दिवस रोज संध्याकाळी तो खेळ लावत गेला आणि नांग विविंग लसूण सोलत सांगत गेली. "तोच. तोच. नवा. तोच, याला टोपी घातलीय." बुधवारी लसूण संपली तेव्हा खेळ उरले एकसष्ट.

"मग एकसष्टच छापायचे," चोय म्हणाला.

"आणि भिंतीवर काय लिहिलंय ते?"

"खोटं आहे ते."

"कोण मोजायला येणारे?"

"मी मोजलंय ना. नांग, एकाच पोराची दोन नावांनी नोंद केली म्हणून बावीस वर्षं मी लोकांना झापतोय. आणि मी एका बेडकाची सात वेळा केली."

तिनं सालपटं गोळा केली. ती सुपात टाकता टाकता म्हणाली, "फ्लेक्स उतरवला तर तालेओनीण काही बोलणार नाही. नुसती बघेल. तिचं बघणं तुला माहीत नाही." मग सालपटांचं सूप उचलून आत जाता जाता, "आपल्या भिंतीवर पहिल्यांदा काहीतरी लागलंय, चोय," एवढंच म्हणाली.

 दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात गेला तो गठ्ठा बगलेत मारूनच.

तिथं एक गृहस्थ दोन दाखले घेऊन बसले होते. एकावर ते नेस्तोर तोलेदानो होते, दुसऱ्यावर एर्नेस्तो तोलेदानो. बापानं नोंद केली होती हे आईला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं पुन्हा केली. आता पेन्शन एकाला मंजूर झाली होती आणि बँकेत खातं दुसऱ्याचं होतं.

"काळजी करू नका, मनोंग," थोरल्या भावाला म्हणावं तसं चोय सवयीनं म्हणाला. "पहिली नोंद ती खरी. दुसरं नाव खोडायचं नाही, खाली 'ऊर्फ' म्हणून राहू द्यायचं. मग प्रतिज्ञापत्र करायचं की हे दोघे एकच इसम आहेत. ज्यांचा यात काही हितसंबंध नाही अशा दोघांच्या सह्या घ्यायच्या. झालं."

हे वाक्य तो आठवड्यातून चारदा तरी म्हणत असे. या खेपेला ते म्हणून झाल्यावर त्याचा हात शिक्क्यावरच राहिला.

"झालं काय?" पलीकडच्या टेबलावरून मॅम तिंगसोननी विचारलं. त्या कार्यालयाच्या मुख्य. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि तेवढ्यात त्यांना काही नवीन घडायला नको होतं.

"मॅम, बेडकाला प्रतिज्ञापत्र करता येईल?"

मॅमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मग चोयनं सगळं सांगितलं. पुस्तक जन्मनोंदवहीसारखं लावायचं. आपल्या घरात जो खेळ आधी आला तो आधी. पहिलं नाव ते खरं, बाकीची त्याच्या खाली ऊर्फ. परीक्षण एकही काढायचं नाही, गुण जसेच्या तसे. आणि प्रत्येक खेळाखाली प्रतिज्ञापत्र, की वरील सर्व एकच खेळ आहेत.

"आणि साक्षीदार?" मॅम म्हणाल्या. "या गावात ज्याची कॅसेट तू घेतली नाहीस असं माणूस आहे का?"

"तुम्ही आहात, मॅम."

"मी आहे खरी. बावीस वर्षं डबा खाताना तू हे सांगतोस आणि मी ऐकत नाही. लिही माझं नाव. दुसरं कोण?"

तेवढ्यात नांग विविंग बाचोयचा डबा घेऊन आली. तिला घडलेलं सांगितल्यावर ती म्हणाली, "दुसरी मी."

"सख्खी बहीण चालत नाही," मॅम म्हणाल्या. "शिवाय फ्लेक्स तुझा."

"मी करतो की सही," दोन दाखलेवाले मध्येच म्हणाले. "माझ्या घरी टीव्हीच नव्हता. आणि दोन लागत असतील तर नेस्तोर म्हणून एक करतो, एर्नेस्तो म्हणून एक करतो. मॅमना कशाला तसदी?"

"कालपर्यंत चाललं असतं," मॅम म्हणाल्या, आणि त्यांच्या कागदावर शिक्का मारला.

नांग विविंगनं डबा उघडला. "मग शेवटी बेडकाला गुण किती?"

"नऊ, दोन, साडेसात, सहा, चार, आठ आणि एकदा काही नाही."

"एकाच बेडकाला?"

"आमच्या हिला विचारा," नेस्तोर ऊर्फ एर्नेस्तो म्हणाले. "मला रोज वेगळे पडतात."

छापखान्यात पानं शनिवारी गेली. पण फ्लेक्सवरचा आकडा तसाच होता, आणि चोय तो चुकवण्यासाठी मागच्या गल्लीनं घरी येऊ लागला होता. सोमवारी त्यानं मॅमना त्याबद्दलही विचारलं.

"एकदा झालेली नोंद खोडायची नाही, उतरवायचीही नाही," त्या फाइलीतून मान वर न करता म्हणाल्या. "समासात शेरा मारायचा. हे मी तुला शिकवू?"

त्या दुपारी ताक्लोबोसांच्या भिंतीला शिडी लागली. चोय काळा मार्कर घेऊन वर चढला, नांग विविंगनं खाली शिडी धरली.

"मारायचाच आहे तर बारीक अक्षरात मार," ती म्हणाली.

चोयनं फ्लेक्सच्या डाव्या कडेला, आपल्या फोटोतल्या कोपराच्या बाजूला, कार्यालयीन अक्षरात लिहिलं: 'वर "३४२ खेळ" असे आहे तेथे "६१ खेळ, एकूण नावे ३४२" असे वाचावे.' खाली तारीख घातली.

समोरचं दार उघडलं. तालेओनीण बाहेर आली आणि बघू लागली. "काही चुकलं का, विविंग?"

"चुकलं काही नाही. शेरा मारतोय. रीतसर." नांग विविंगनं शिडीवरची पकड बदलली. "तुमच्या फ्लेक्सला समास सोडलाय का?"

तालेओनिणीनं वळून आपल्या मुलाकडं पाहिलं. तो फ्लेक्सच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला होता.

चोय अजून उतरला नव्हता. नोंदवहीतल्या शेऱ्याखाली पडताळणी करणाऱ्याचं नाव लागतं, आणि ते राहिलं होतं. त्यानं मार्करचं टोपण पुन्हा काढलं आणि तितक्याच बारीक अक्षरात लिहिलं: 'पडताळणी: दिविना ताक्लोबोस, दुसरा रिमोट.'

खाली नांग विविंगनं मान वर केली. ती वाचत होती. चष्मा खानावळीत राहिला होता, म्हणून तिला वेळ लागत होता.

"चोय," ती म्हणाली, "शेवटची ओळ जरा मोठी काढ. मी धरलीय शिडी."